चंद्रकलाबाईंची खदान

आमच्या खदानीत चंद्रकलाबाई निमजे एकदाही उतरल्या नाहीत. तरी ती खदान त्यांच्याइतकी कुणालाच ठाऊक नव्हती, असं मी म्हणतो, आणि मी तिथला सर्व्हेअर होतो. आपल्याच पोटावर पाय देऊन माणूस असं उगाच बोलत नाही.

बाई नागपूरच्या, गोळीबार चौकामागच्या गल्लीतल्या. कोष्ट्याचं घर. वडील हातमागावर लुगडी विणायचे आणि बाई परकरात होत्या तेव्हापासून त्यांना सुताच्या कांड्या, म्हणजे धोट्यातल्या नळ्या, भरून द्यायच्या. मागावर बाप्यांनी बसायचं, कांड्या बायकापोरींनी भरायच्या, असा त्या घरचा रिवाज. कांड्या भरता भरता बाई गणित शिकल्या, बी.एस्सी. झाल्या, आणि कंपनीच्या नागपुरातल्याच सदर भागातल्या ऑफिसात कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच्यासमोर जाऊन बसल्या. रोज सायकलनं यायच्या. डब्यात घरचा सावजी रस्सा असायचा आणि त्यातलं निम्मं तिखट जिभेवर राखूनच त्या बोलायच्या. ऑफिसातले अर्धे लोक त्यांना भ्यायचे आणि उरलेले अर्धे भीत नसल्याचं दाखवायचे. मी पहिल्या अर्ध्यात.

माझी नोकरी सावनेरजवळच्या खदानीवर. तिच्या दक्षिणेला आणखी एक खदान आहे, जुनी. इंग्रजाच्या काळात तिथं कोळसा काढला. मग एका वर्षी नाल्याचं पाणी आत शिरलं, माणसं बुडाली आणि ती होती तशी सोडून दिली. तेव्हापासून ती पाण्यानं भरलेली. वर कपाशी उभी असते, बैल चरत असतात, आणि खाली बोगद्यांचं अख्खं गाव बुडालेलं. खदानीतल्या माणसाला छताची भीती वाटते, वायूची वाटते, पण सगळ्यांत जास्त वाटते ती जुन्या पाण्याची. कोळसा फोडता फोडता पलीकडं जुना बोगदा लागला, तर पळायला पाय उचलण्याआधी पाणी येतं.

त्या जुन्या खदानीचा एकच नकाशा उरला होता, कापडावर चिकटवलेला, घडीघडीला विरलेला. तो कॉम्प्युटरात चढवायचं ठरलं आणि माझी पाठवणी सदरला झाली. मी नकाशावर मोजून आकडे सांगायचे, बाईंनी ते यंत्रात घालायचे. प्रत्येक बोगद्याचा प्रत्येक कोपरा: पूर्वेला किती, उत्तरेला किती, खोल किती. वर्षभर आम्ही हेच केलं. पहिल्या आठवड्यात मी कंटाळलो. बाई कंटाळल्या नाहीत. त्या आकडे घालता घालता विचारायच्या.

"गिरिधरभाऊ, हा बोगदा इथं एकदम काहून वळला?"

"दगड लागला असंल. त्याले वळसा घालून गेले."

"मंग तिथं वारा कसा जात असंल?"

मला कुणी असं कधी विचारलं नव्हतं. मी सांगायचो आणि त्या डोळे मिटून ऐकायच्या. एकदा म्हणाल्या, "मले एकदा खाली न्या ना." मी सांगितलं की कायद्यानं बाईला जमिनीखाली काम नाही, पाहुणी म्हणूनही आमचे साहेब नेणार नाहीत. "म्हणजे इथंही कांड्याच भराच्या," बाई म्हणाल्या आणि पुढचा आकडा मागितला.

आता यंत्रांची व्यवस्था सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. सदरच्या कॉम्प्युटरला माहिती ठेवायला परातीएवढी चकती होती. तिला डिस्क म्हणत. तसलंच एक जुनं यंत्र आमच्या सावनेरच्या ऑफिसात होतं. दोघांमध्ये टेलिफोनची तार. सदरला काही झालंच, आग लागली, यंत्र बिघडलं, तर नकाशा बुडू नये म्हणून रोज संध्याकाळी पाच वाजता त्याची प्रत तारेवरून सावनेरला जायची. तिथं सोमवारची डिस्क वेगळी, मंगळवारची वेगळी, अशा शनिवारपर्यंत सहा. प्रत गेली की सदरच्या यंत्रावर 'पूर्ण' अशी ओळ उमटायची आणि सगळे घरी जायचे.

बाई त्या ओळीवर नेहमी कुरकुरायच्या. "पूर्ण म्हणजे काय? पाठवणं पूर्ण का पोचणं पूर्ण? सावनेरहून वाचून तर पाहा कोणी." वरचे म्हणायचे, पाठवलं म्हणजे पोचलंच. उलट वाचून पाहायला तार रिकामी नाही, बाई, तुम्ही फार शंका काढता.

काम झालं. कापडाचा नकाशा गोदामात गेला आणि पावसाळ्यात त्याला वाळवी लागली. कुणी हळहळलंही नाही. आता यंत्रात आहे ना, म्हणाले. शिवाय दोन-दोन यंत्रांत.

शहाऐंशी सालच्या मे महिन्यात सदरची डिस्क गेली. मी त्या दिवशी तिथंच होतो. लोखंडी तव्यावर उलथणं खरवडावं तसा आवाज आला, बाईंनी धावत जाऊन बटण बंद केलं, पण झाकण उघडलं तर चकचकीत चकतीवर गोल ओरखडा आणि खाली तपकिरी भुकटी. ती भुकटी म्हणजे आमचं वर्ष होतं. बाईंनी ती बोटावर घेतली. मग सावनेरला फोन लावला.

सावनेरची सोमवारची डिस्क अर्धी वाचली जाऊन अडकली. मंगळवारची त्याहून लवकर अडकली. साही डिस्कांनी हात वर केले.

इकडे आमच्या चार नंबरच्या इन्क्लाइनमधून, म्हणजे खदानीत उतरणाऱ्या उताराच्या वाटेतून, दक्षिणेकडं नवा बोगदा चालला होता. तिथं रुपराव सिरदाराची टोळी. सिरदार म्हणजे खाली टोळीच्या जिवाला जबाबदार असलेला माणूस. रुपराव रोज काठीनं छत ठोकून, कान लावून, मगच माणसांना पुढं घ्यायचा. त्याचा कान पक्का होता, पण पाण्याला ठोकून आवाज येत नाही. जुनी खदान जवळ असेल तर आधी लांब बोअर मारत, चाचपत पुढं जायचं, हा नियम. दूर असेल तर सरळ सुरुंग लावायचे. जवळ की दूर हे सांगणारा नकाशा आता कुठंच नव्हता. मॅनेजरसाहेबांच्या भिंतीवर तळहाताएवढं एक जुनं चित्र टांगलेलं होतं. त्यात पाहून ते म्हणाले, "बरीच दूर आहे. काम थांबवता येणार नाही. शनिवारपर्यंत तुमचं यंत्र काय सांगायचं ते सांगू दे, सोमवारी सुरुंग सुरू."

बाई दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं सावनेरला आल्या. हातात डबा, खांद्यावर हत्यारांची पिशवी, आणि चेहरा असा की नत्थूजींनी चहा विचारायचा धीर केला नाही. नत्थूजी म्हणजे आमच्या ऑफिसचे चपराशी, त्या खोलीची किल्ली त्यांच्याकडं असायची.

सगळ्यांचा पहिला संशय तारेवर. सावनेरच्या टेलिफोनवर साधी बायकोची हाक धड ऐकू येत नाही, तिथं नकाशा काय येणार, असं आमचे लोक म्हणत होते. बाईंनी मला विचारलं, "भाऊ, तुमची मोजणी चुकली का नाही, हे तुमी कसं ओळखता?"

मी सांगितलं. सर्व्हेअरचा एक धर्म आहे. मोजत मोजत कितीही लांब गेलं तरी शेवटी ज्या खुंटीवरून निघालो तिथंच परत यायचं. परत आल्यावर आकडे जुळले तर मोजणी खरी. नुसतं 'पोचलो' म्हणणारा सर्व्हेअर नव्हे, तो प्रवासी.

बाई हसल्या. त्या आठवड्यात त्या हसलेल्या मी तेवढ्याच पाहिल्या. "मंग आपण बी परत येऊ," म्हणाल्या.

त्यांनी सदरच्या माणसाला फोन करून, तिथं नवी डिस्क घालून, एक ठरावीक मजकूर सावनेरला पाठवायला लावला आणि इथं डिस्कला न शिवता तसाच उलट सदरला परत पाठवला. जसा गेला तसा परत आला. तार निर्दोष. मग तोच मजकूर इथल्या एका कोऱ्या डिस्कवर लिहिला, डिस्कवरून वाचला आणि परत पाठवला. जागोजाग भोकं. म्हणजे वाट चांगली होती, घरात खोट होती.

बाईंनी यंत्राचं झाकण काढलं. आत हवा ओढून घेणारी एक जाळी असते. ती पांढरी असायला हवी. ती हळदीची पिवळी, कुंकवाची लाल आणि वर काजळीनं काळी झाली होती. मी वाकून पाहिलं आणि मला देवळात आल्यासारखा वास आला, उदाचा आणि कापराचा.

बाईंनी मला तेव्हा जे सांगितलं ते मी अजून विसरलो नाही. डिस्कवर लिहिणारं-वाचणारं जे डोकं असतं ते डिस्कला टेकत नाही. डिस्क भोवऱ्यासारखी गरगरते आणि तिच्या वाऱ्यावर ते तरंगत राहतं. मधलं अंतर इतकं कमी की आपला केस तिथं आडवा मावत नाही. धुराचा कणही मावत नाही. "तुमच्या बोगद्यात धोंडा पडल्यावर गाडी कशी उडते," बाई म्हणाल्या, "तसं धुरानं हे डोकं उडते. जिथं उडालं तिथला नकाशा गेला." मी जन्मभर जमिनीखालच्या बोगद्यांतून फिरलो, पण इतका बुटका बोगदा माझ्या कल्पनेतही नव्हता. त्या फटीत आमची सगळी खदान राहत होती.

मग बाई नत्थूजींकडं वळल्या. "या खोलीत ऊद कोण जाळते?"

नत्थूजी टोपी काढून तिच्याशी चाळा करत उभे राहिले. सदरच्या बाईला उत्तर द्यावं की नोकरी सोडून पळावं, याचा ते विचार करत असावेत. शेवटी म्हणाले, "तीन वाजता थांबा बाई. तुमचं तुमालेच समजन."

चारला दुसरी पाळी खाली उतरते. तीनच्या सुमारास बायका आल्या. रुपरावची टोळी दुसऱ्या पाळीत, त्या टोळीच्या या बायका. पुढं अंजनाबाई, रुपरावची बायको, हातात धुपाटणं. आम्ही आत आहोत हे पाहून त्या क्षणभर थबकल्या, पण पाळीची वेळ होत होती. अंजनाबाईनं यंत्राला हळदकुंकू लावलं, धुपाटणं ओवाळलं, आणि जिथून यंत्र हवा आत ओढतं नेमकं तिथं ते नेऊन धरलं. धूर सरळ आत गेला. साऱ्या बायकांनी हात जोडले.

"पाहा," अंजनाबाई आम्हालाच समजावत म्हणाली, "धूर कसा घेते. एकबी वळी भाईर येऊ देत नाई. माय पावली म्हनाचं."

मी बाईंकडं पाहिलं. आता इथं रणकंदन होणार असं मला वाटलं, कारण सकाळपासून त्या ज्याचं कातडं सोलायच्या गोष्टी करत होत्या तो गुन्हेगार समोर धुपाटणं घेऊन उभा होता. पण बाईंनी हळूच विचारलं, "कोणती माय वं?"

"जुनी माय. जुनी खदान. नत्थूजीनं सांगतलं का ते या पेटीत आनून ठेवली म्हनून." अंजनाबाईनं पदरानं डोळे टिपले. "माह्या आजसासऱ्याले तिनंच नेलं. आता माहा मानूस तिच्या अंगावर चालून राहिला. आमी कोनाले सांगाव बाई? साहेबाले? साहेब आयकते का आमचं? मंग तिलेच म्हनतो, बापा, थोडी सरकून घे."

बाईंनी खुर्ची पुढं ओढली आणि अंजनाबाईला तिच्यावर बसवलं. मग एक डिस्क बाहेर काढून दोन्ही हातांनी समोर धरली. बायकांनी तिच्यात आपापले चेहरे पाहिले.

"हे माय नाही," बाई म्हणाल्या. "पण माय कुठं बसली आहे ते यालेच ठाऊक आहे. याले धूर लागला का हे आंधळं होते. तुमी रोज याचे डोळे झाकून राहिल्या, बाया."

अंजनाबाईनं धुपाटणं मागं ओढलं. "म्हनजे आमीच…"

"तुमाले कोणी सांगितलं होतं का? आमाले तरी कोणी विचारलं? हे यंत्र धूर काहून घेते, हे मी इथं येऊन एकदा सांगाले पाहिजे होतं. ते जाऊ द्या. आता एक काम करा. शनिवारपर्यंत या दारातून धूर आत येऊ द्यायचा नाही. कोणाचाच."

त्या दिवसापासून अंजनाबाई दाराशी ठाण मांडून बसली. आमच्या साहेबांना सिगारेटची सवय. दुसऱ्या दिवशी ते तोंडात सिगारेट घेऊनच तपासणीला आले, आणि जमिनीवर बसलेल्या अंजनाबाईनं वर न पाहता हात आडवा धरला.

"ते भाईर टाका साहेब. मंग जा."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी छताकडं पाहिलं. साहेबांनी सिगारेट विझवली. एवढ्या वर्षांत साहेबांना कुणी अडवलेलं मी पाहिलं नव्हतं, त्यामुळं मला त्या सबंध दिवशी भूक लागली नाही, इतकं पोट भरलं होतं.

आत बाईंचं काम चाललं होतं. त्यांनी यंत्र उघडून स्पिरिटनं कणन्‌कण पुसलं, नवी जाळी घातली आणि साही डिस्का एकेक करून पुन्हापुन्हा वाचायला घेतल्या. धूर आता थांबला होता, पण जे गेलं ते गेलं होतं. साहीला भोकं. मी निराश झालो. बाई मात्र कागदावर भोकांच्या जागा मांडत बसल्या आणि दुपारी मला हाक मारली.

"भाऊ, इकडं या. सगळ्या आंधळ्या आहेत, पण एका जागी नाहीत."

असं होतं ते. सोमवारच्या दिवशी धूर एकीकडं बसला, मंगळवारी दुसरीकडं. सोमवारच्या डिस्कला जे आठवत नव्हतं ते गुरुवारच्या डिस्कला आठवत होतं. लग्नघरात जात्यावर बायका गातात, एकीची ओळ विसरली की दुसरी उचलते आणि गाणं काही थांबत नाही. तसं बाईंनी त्या सहाजणींकडून ते गाणं उतरवून घ्यायला सुरुवात केली. त्या आकडे सांगायच्या आणि मी कागदावर बोगदे काढायचो. वर्षभर मी सांगितलं होतं आणि त्यांनी घातलं होतं. आता उलटं.

आणि जुनी खदान पुन्हा वर यायला लागली. एकेक बोगदा, एकेक वळण. दगडाला वळसा घातलेला तो बोगदासुद्धा आला. बोगदे एकमेकांना मिळून जिथं चौकट व्हायची तिथं मी माझी परतीची मोजणी करायचो, आणि आकडे जुळले की बाईंकडं पाहून मान हलवायचो. त्या माझ्या मानेकडं बघत असायच्या. वाळवीनं खाल्लेला, ओरखड्यानं खरवडलेला, उदानं झाकलेला नकाशा माझ्या पेन्सिलीखाली जसाच्या तसा उभा राहत होता. मी देवळात फारसा जात नाही, पण त्या खोलीत चपला काढून बसलो होतो.

शनिवारी दुपारी एकच तुकडा उरला. जुन्या खदानीचा अगदी उत्तरेचा, आमच्या नव्या बोगद्याच्या समोरचा एक बोगदा. तो कुठं जाऊन संपतो? दोन डिस्का त्या जागी मुक्या होत्या. दोघी सांगत होत्या, अलीकडंच संपतो, आमच्यापासून दूर. उरलेल्या दोघी सांगत होत्या, पुढं आला आहे, पार आमच्या तोंडाशी. कुठल्या तरी दोघींचा आकडाच धुरानं बिघडवला होता. तो बोगदा कुठंच जाऊन मिळत नव्हता, त्यामुळं माझी परतीची मोजणी तिथं लुळी होती.

मी बाईंना विचारलं, "तुमीच घातला होता हा आकडा. आठवते काय?"

"इतके आकडे घातले भाऊ. आठवते म्हटलं तर खोटं होईन."

साहेब आले. सिगारेट आधीच दाराबाहेर टाकून आले. दोन्ही आकडे पाहून त्यांचा चेहरा खुलला. "म्हणजे तुम्हालाही खात्री नाही. माझं चित्र दूर म्हणतं, तुमच्या दोन डिस्का दूर म्हणतात. सोमवारी सुरुंग." मग सहज म्हणून बोलून गेले, "तुम्ही खाली कधी गेला नाहीत बाई, तुम्हाला तिथलं काम कळायचं नाही."

बाई उठून उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता सावजी तिखट बाहेर येणार. पण त्यांचा आवाज खालीच राहिला.

"खरं कोणतं, मले माहीत नाही साहेब. खोटं कोणतं निघालं तर काय होते, ते माहीत आहे. जवळचं धरून चाललो आणि पाणी दूर निघालं, तर बोअर मारण्यात आपले थोडे दिवस जातीन. दूरचं धरून चाललो आणि पाणी जवळ निघालं…" त्यांनी दाराकडं पाहिलं. तिथं अंजनाबाई गुडघ्यावर हनुवटी टेकून बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. "घरी माहे वडील लुगडं घडी करण्याआधी उजेडात धरून पाहत. शंका आली का म्हणत, तुटलेलाच धागा आहे असं समजून हात लाव. दोन्हीपैकी वाईट तेच खरं धरा साहेब."

साहेबांनी नकाशावर बोट फिरवलं. वाईट माणूस नव्हे तो, वरून दट्ट्या होता बिचाऱ्याला. "बोअर मारा," म्हणाले आणि गेले.

सोमवारी रुपरावची टोळी सकाळच्या पाळीला घेतली होती आणि मी त्याच्यासोबत खाली होतो. बोगद्याच्या तोंडाशी टोपीवरच्या दिव्यांचा उजेड आणि ड्रिलचा आवाज. बोअरच्या तोंडाला पाईप आणि व्हॉल्व्ह घट्ट बसवला होता. सळयांना सळया जोडत ड्रिल आत चाललं, काळा कोळसा, फक्त काळा कोळसा. मला वाटायला लागलं की साहेबच खरे. तेवढ्यात ड्रिल एकदम हलकं झालं, पायाखालची पायरी निसटावी तसं.

रुपरावनं हात वर केला. सगळं थांबलं. सळया बाहेर घेतल्या आणि पाईपातून पाणी आलं. मनगटाएवढी धार, पण समोरच्या खांबावर जाऊन आपटली. काळं पाणी. थंडगार. सडक्या अंड्याचा वास. माझ्या आजोबांच्या काळात ज्यानं माणसं घेतली ते पाणी, एवढी वर्षं अंधारात तसंच उभं होतं आणि आमच्या भिंतीपलीकडून ऐकत होतं. एक-दोन सुरुंग पुरले असते. मी तो आकडा नंतर काढून पाहिला आणि परत कधी काढला नाही.

रुपरावनं व्हॉल्व्ह फिरवला. धार बारीक झाली, थांबली. टोळीतल्या एकानं भिंतीला हात लावून तो कपाळाला नेला.

"आली होती तं," रुपराव म्हणाला. "दारापर्यंत आली होती."

मग त्यानं आपली पाण्याची टिनाची बाटली रिकामी केली, व्हॉल्व्ह जरासा सोडून ती त्या काळ्या पाण्यानं भरली आणि बूच लावून कमरेला अडकवली. मी विचारलं, काहून रे? तो म्हणाला, "वर एकीले दाखवाचं हाय."

इन्क्लाइनच्या तोंडाशी पांढरी पट्टी आखलेली आहे. तिच्या आत बाईनं यायचं नाही. बाई त्या पट्टीला पायाची बोटं लावून उभ्या होत्या, शेजारी अंजनाबाई. बाजूच्या कडुनिंबाखाली देवीच्या दगडापाशी सदरची मेलेली डिस्क उभी करून ठेवली होती. ती बाईंनीच नागपूरहून आणून अंजनाबाईला दिली होती: ऊद जाळायचा तो इथं जाळा, हिचं आता काही बिघडत नाही. ओरखड्याच्या मधोमध कुंकू लावलेलं होतं.

रुपराव वर आला तेव्हा अंजनाबाई त्याच्या खांद्यावरचा कोळसा झटकत राहिली, आयुष्यभर कोळसा माखलेल्या माणसाच्या. रुपरावनं बाटली काढली, बाईंसमोर वाकला आणि बूच काढलं.

"बाई, तुमची खदान."

बाईंनी ओंजळ पुढं केली. त्यानं पाणी ओतलं. ज्या बोगद्यांचा कोपरान्‌कोपरा त्यांनी एकदा घातला आणि एकदा परत काढला, ते त्यांच्या हातात पहिल्यांदाच आलं होतं. त्यांनी ते नाकाजवळ नेलं. मी त्या बाईला तोवर रडताना कधी पाहिलं नव्हतं.

"वास आहे हो याले," त्या मला म्हणाल्या. "आकड्यात वास नव्हता भाऊ."

पाणी बोटांतून गळून गेलं, पट्टीच्या आत थोडं, बाहेर थोडं. पाच वाजत आले होते. आता प्रत उलटी जायची होती, सावनेरहून सदरला, आणि पडताळून पाहायला तिथून परत. बाईंनी हात पदराला पुसला आणि ऑफिसकडं निघाल्या.